जुन्या पीसीची हार्डडिस्क बदलायचीय, अर्जंट मदत हवी आहे

बार्शीची_छापखानेवाली
घरच्या जुन्या पीसीची हार्डडिस्क चार दिवसांपासून कटकट आवाज करतेय, चालू व्हायला पंधरा मिनिटं घेते. ८० जीबीची आहे. काल २४० ची एसएसडी (चिपवाली, आत काही न फिरणारी डिस्क) आणली तर ती बसतच नाही, पिनाच वेगळ्या आहेत. दुकानदार म्हणाला होता कुठल्याही पीसीला चालते, आता परत घेत नाही म्हणतो. सोमवारपर्यंत चालू व्हायलाच पाहिजे. आणि प्लीज "नवीन घ्या" सांगू नका, ते मला पण कळतं.

खटपट्या
मदरबोर्ड कुठला, विंडोज कुठली, रॅम किती, काहीच सांगितलं नाहीये. आधी झाकण उघडून बघा, जुन्या डिस्कला चार बोटं रुंद चपटी पट्टी लागलीय (आयडीई) की बोटाएवढी बारीक केबल (साटा)?

पुदिना_चटणी
विंडोज काढून लिनक्स मिंट टाका. माझ्या २००८ च्या मशीनवर पळतंय. व्हायरस नाही, अ‍ॅक्टिव्हेशन नाही, कटकट नाही.

खटपट्या
डिस्कच्या कटकटीवर लिनक्स काय करणार राव?

सदाशिव३०
पुण्यात तपकीर गल्लीत जा. आयडीईला साटा जोडायचा छोटा कन्व्हर्टर मिळतो, तो लावला की झालं काम.

बार्शीची_छापखानेवाली
बार्शीहून तपकीर गल्लीत जाऊ का आता! पट्टी चपटी आहे, राखाडी, तीच डीव्हीडीला पण गेलीय. विंडोज एक्सपी, रॅम १ जीबी. मदरबोर्डवर ९४५ असं काहीतरी लिहिलंय. आवाज येतो म्हणून काल रात्री चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) लावून झोपले, सकाळी बघते तर तेरा टक्क्यांवरच.

नाना_हार्डवेअर
ताई, चेकडिस्क आत्ताच्या आत्ता बंद करा! मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क म्हणजे आजारी माणसाला गडावर चढवणं. ते प्रत्येक सेक्टर वाचत बसतं, वर दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहितं. आधी डेटा बाहेर काढायचा, दुरुस्ती नंतर.

पुदिना_चटणी
चेकडिस्कनेच माझी डिस्क वाचली होती २०१४ ला. उगाच घाबरवू नका.

नाना_हार्डवेअर
तुमची फाइल सिस्टीम बिघडली असेल, तेव्हा चेकडिस्क ठीक. इथे डिस्कमधलं वाचणारं डोकं आपटल्याचा आवाज येतोय, हे दुखणं वेगळं.

खटपट्या
९४५ (इंटेलचा चिपसेट) असेल तर चांगली बातमी आहे. त्या बोर्डावर आयडीईची एकच जागा असते पण साटाच्या चार असतात, बहुतेक एका कोपऱ्यात, एल आकाराच्या छोट्या खाचा. एसएसडी तिथे बसेल, कन्व्हर्टरची गरजच नाही. स्पीड ३ गिगाबिटवर अडेल, एसएसडी स्वतः ६ ची असते, पण जुन्या डिस्कपुढे तरी विमानच. पॉवरला बघा, एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायचा डबा) चपटा पंधरा पिनांचा कनेक्टर निघालाय का? नसेल तर जाड चार पिनांच्या पांढऱ्या कनेक्टरवरून साटा करायची वायर कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याकडे मिळते. एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेली घेऊ नका, आत वायरी चिकटून जळतात. वायर आत खोचलेली दिसते ती घ्या.

कोकणी_कीबोर्ड
बायोसमध्ये (पीसी चालू होतानाची सेटिंग) एएचसीआय, म्हणजे साटाचा नवा मोड, करायला विसरू नका, नाहीतर एसएसडीचा उपयोग शून्य.

खटपट्या
साध्या ९४५ ला तो पर्यायच नसतो हो. आणि असला तरी एक्सपीला ड्रायव्हर न देता एएचसीआय केलं की निळा स्क्रीन, शेवटी ७बी (विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही तो एरर). लोकांना खड्ड्यात घालू नका.

पुदिना_चटणी
पण एक्सपी कशाला पाहिजे? सपोर्ट एप्रिल २०१४ लाच संपला. फ्रेश टाका ना काहीतरी.

बार्शीची_छापखानेवाली
फ्रेश नाही चालणार. बाबांचं लग्नपत्रिकांचं काम आहे, पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) आणि मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर त्यात आहे, त्याचा लॉक (तो लावल्याशिवाय ते चालत नाही) मागे प्रिंटरच्या लांब पोर्टला लावलेला असतो. सीडी २०११ ला घर बदलताना गेली. सगळं आहे तसंच पाहिजे.

नाना_हार्डवेअर
अहो हे पहिल्या पोस्टमध्ये नको का सांगायला!! निम्मा धागा वाया गेला.

बार्शीची_छापखानेवाली
मला वाटलं हार्डडिस्क बदलणं म्हणजे हार्डडिस्क बदलणं.

अक्षरजुळणी
युनिकोडमध्ये का जात नाही तुम्ही? किती वर्षं तेच जुने फॉन्ट. त्यातली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडतच नाही.

बार्शीची_छापखानेवाली
माहितीये. भाच्याच्या लॅपटॉपवर उघडून बघितली तर "चि. सौ. कां." च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा खच. बाबा म्हणाले नवरीचं नाव असं छापलं तर वरपक्ष मांडवातून उठून जाईल. युनिकोडचं नंतर बघू, सोमवारी दोन पत्रिका द्यायच्यात.

अक्षरजुळणी
नंतर नंतर करत करत सगळ्या छापखान्यांची हीच गत झालीय. मी स्वतः २०१७ मध्ये...

खटपट्या
तुमचा वेगळा धागा काढा दादा. ताई, आता क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नवीनवर. सरकारी कामासारखं क्रमाने करा, एक पायरी गाळू नका. एसएसडी कोरीच साटाला जोडा आणि एक्सपी जुन्या डिस्कवरूनच चालू करा, म्हणजे विंडोज साटाचा ड्रायव्हर ओळखून घेईल, नाहीतर तोच ७बी. मग पेनड्राइव्हवर क्लोनझिला (क्लोन करायचं सॉफ्टवेअर) घ्या, डिस्क टू डिस्क, एक्सपर्ट मोडमध्ये रेस्क्यूचा पर्याय टिक करा, खराब सेक्टर आला तरी तो पुढे जातो. कुठून कुठे ते तीनदा वाचा, उलटं झालं तर कोरी एसएसडी जुन्या डिस्कवर उतरेल आणि मग पंढरीलाच जावं लागेल.

सदाशिव३०
एक्सपीला ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणं) येत नाही, एसएसडी हळूहळू मंदावेल.

खटपट्या
हो, येत नाही. पत्रिकेच्या कामाला काय फरक पडतो? निम्मी जागा तशीही रिकामी राहणारे.

देशस्थ_इन_न्यूजर्सी
इथे आम्ही अशी मशीन्स रिसायकलला देतो. बाकी चालू द्या.

बार्शीची_छापखानेवाली
रात्री दोन वाजता क्लोन झालं. तीनेक ठिकाणी रीड एरर आला पण पुढे गेलं. पण आता नवीनवरून चालू केलं की वेलकम येतं, बाबांच्या नावावर क्लिक केलं की लोडिंग होतं आणि लगेच लॉगऑफ होऊन परत तिथेच. दहा वेळा केलं. काय राहिलं??

खटपट्या
क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून पीसी चालू केला होता का?

बार्शीची_छापखानेवाली
हो, तुम्हीच म्हणालात ना दोन्ही जोडा.

खटपट्या
क्लोनच्या आधी! नंतर नाही! चूक माझी, पुढची ओळ लिहायलाच विसरलो. दोन्ही एकदम दिसल्या की एक्सपी नव्या डिस्कला सी सोडून भलतंच अक्षर देतं, मग लॉगिन करताना सी शोधतं, सापडत नाही, हाकलून देतं. रजिस्ट्रीत दुरुस्त करता येतं पण जुनी अजून वाचतेय तोवर परत क्लोन करणं सोपं. झालं की थेट पॉवर ऑफ, जुनीची पट्टी आणि पॉवर दोन्ही काढा, मगच चालू करा.

नाना_हार्डवेअर
थांबा! परत पूर्ण वाचायला लावण्याआधी नवीनवर पत्रिकांचा फोल्डर आलाय का ते पेनड्राइव्हच्या लिनक्समधून बघा आणि तो कॉपी करून ठेवा. जुनी दुसऱ्या फेरीत दगा देऊ शकते.

पुदिना_चटणी
बघा, शेवटी लिनक्सच लागलं.

बार्शीची_छापखानेवाली
फोल्डर कॉपी केला. दुसऱ्यांदा क्लोन केलं, जुनी काढून ठेवली आणि चालू झाला!! पंधरा मिनिटांच्या जागी चाळीस सेकंद. पेजमेकर उघडलं, लॉक ओळखला, एक पत्रिका छापून पण झाली. बाबा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "एवढ्या लवकर कसं काय, काहीतरी उडालं असणार त्यातलं," आणि एकेक फाइल उघडून बघत बसलेत. जुनी डिस्क त्यांनी कागदाच्या रिमच्या पुठ्ठ्यात गुंडाळून कपाटात ठेवलीय.
खटपट्या दादा, नाना, खूप आभार. आता फक्त एकच, सकाळी चालू केलं की काळ्या स्क्रीनवर डिस्क बूट फेल्युअर येतं, डिलीट दाबून डिस्कचा नंबर वर आणला की चालतं, दुसऱ्या दिवशी परत तेच. डिस्क खराब दिली का दुकानदाराने?

खटपट्या
तारीख बरोबर दाखवतो का?

बार्शीची_छापखानेवाली
नाही, तारीख तर दोन वर्षांपासून रोज २००६ वर जाते, आम्ही तशीच चालवतो.

नाना_हार्डवेअर
हेही आत्ता!
मदरबोर्डवरचा गोल सेल गेलाय, सीआर२०३२, घड्याळवाल्याकडे पण मिळतो. तो मेला की बायोस सगळं विसरतं, बूटचा क्रमसुद्धा. पीसी बंद करून, प्लग काढून बदला. अधिकची बाजू वर.