प्रति: एसआरटीएममधून काढलेला उतार सगळीकडे ९० अंशांजवळ येतो

वर विचारलंय की नाशिक परिसराच्या एसआरटीएम टाइल्सवर (अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंचीच्या नकाशाच्या तुकड्यांवर) ‘जीडॅलडेम स्लोप’ ही जीडॅल या नकाशांच्या संगणकप्रणालीतली उतार काढणारी आज्ञा चालवलं तर सपाट शेतसुद्धा कडा का दिसतं. कारण एककांचं आहे: आडवं अंतर अंशांत, उंची मीटरमध्ये. जीडॅल ३.११ च्या आधीच्या आवृत्त्या हे आपोआप जुळवत नाहीत.

वर सुचवलेलं ‘-एस १११１२０’ कामचलाऊच आहे. २० अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.५ किमी भरतो, म्हणजे पूर्व-पश्चिम उतार साधारण ६ टक्के कमी येतो. सह्याद्रीचा कडा नेमका पश्चिमेला उतरतो!

त्यापेक्षा आधी ‘जीडॅलवार्प’ चालवून आडवं अंतरही मीटरमध्ये आणा (ईपीएसजी म्हणजे निर्देशांक-पद्धतीचा क्रमांक): ‘-टी_एसआरएस ईपीएसजी:३२६४३ -टीआर ३० ३० -आर बायलिनिअर -डीएसटीनोडेटा -३२७६८’. ७८ रेखांशाच्या पूर्वेला, उदाहरणार्थ नागपूरला, ३२६४४ घ्या. ‘-आर’ विसरलात तर ‘निअर’ (फक्त सर्वांत जवळच्या बिंदूची उंची घेणं) लागू होतं आणि उताराच्या नकाशावर पट्टे उमटतात. नोडेटा (माहिती नसलेल्या जागेची खूण) दिला नाही तर नकाशाच्या तिरक्या काठांना शून्य भरलं जाऊन खोटे कडे तयार होऊ शकतात.

टाइल्स अनेक असतील तर पहिल्यांदा ‘जीडॅलबिल्डव्हीआरटी’ने जोडा. एकेका टाइलचा उतार काढून मग जोडलात, तर सांध्यावर रिकाम्या रेघा राहतात.