दोन तासांचा विमानप्रवास: बिझनेस क्लासचे तिकीट घ्यावे की स्टेटस सांभाळावे?

वाटसरू (धागाकर्ता)

कामानिमित्त गेली अनेक वर्षे महिन्यातून दोन-तीन वेळा तरी माझे मुंबईहून दिल्लीला जाणे-येणे होते. एवढ्या फेऱ्यांनंतर माझे मत असे बनले आहे की, इतक्या लहान प्रवासात बिझनेस क्लासच्या तिकिटावर पैसे घालण्यापेक्षा एकाच विमान कंपनीला धरून राहावे आणि तिच्याकडचे वरचे स्टेटस, म्हणजे वारंवार प्रवास करणाऱ्या सभासदाला मिळणारी श्रेणी, टिकवावे.

आपल्याकडे पुढच्या कक्षातली आसने खरोखर वेगळी असतात, हे मी आधीच मान्य करतो. एअर इंडियाच्या ए-३२० विमानांत पुढे दोन-दोनच्या रांगांत आठच रुंद आसने असतात. इंडिगोनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली–मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ या नावाने बारा आसनांचा कक्ष सुरू केला. परंतु ठाण्यातल्या घरापासून गुरुग्राममधल्या कार्यालयापर्यंत माझे सहा तास जातात आणि त्यांतले जेमतेम दोन त्या आसनावर. उरलेले चार तास रस्त्यात, चेक-इनच्या रांगेत, सुरक्षा तपासणीत आणि सामानाच्या पट्ट्याजवळ जातात. तिथे उपयोगी पडणाऱ्या गोष्टी, म्हणजे वेगळा काउंटर, लाउंज, आधी बोर्डिंग, जास्तीचे सामान आणि बॅग लवकर हाती येणे, यांतल्या बहुतेक सवलती वरच्या श्रेणीच्या सभासदाला साध्या इकॉनॉमी तिकिटावरही मिळतात. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस क्लासवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. इकॉनॉमीवर तो पाचच टक्के आहे.

पण माझ्या दृष्टीने स्टेटसची खरी किंमत कळते ती गोंधळाच्या दिवशी. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुके उतरले की सकाळची विमाने एकामागून एक रद्द होतात. अशाच एका सकाळी काउंटरवर दीडशे माणसे उभी असताना, वरच्या श्रेणीसाठी राखून ठेवलेल्या फोन क्रमांकावर मला दहा मिनिटांत संध्याकाळच्या विमानात जागा मिळाली आणि दुसऱ्या दिवशीची बैठक चुकली नाही. त्या दिवशी आसनाची रुंदी किती, हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता.

ताळेबंद

धागाकर्ते, आपल्या हिशेबातला एक रकाना रिकामा राहिला आहे: हे स्टेटस कोणाच्या पैशांनी मिळाले? मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत प्रवासखर्चाची बिले तपासतो. सकाळी आठच्या सुमाराला सुटणाऱ्या दोन विमानांपैकी एक अडीच हजारांनी स्वस्त असते, तरीही कर्मचारी महाग विमान निवडतो, कारण त्याला वर्षअखेरीपूर्वी आपली श्रेणी वाचवायची असते. त्या अडीच हजारांतून लाउंजमधली न्याहारी, जमलेले माइल्स (प्रवासाबद्दल मिळणारे गुण) आणि कुटुंबाच्या सहलीचे फुकट तिकीट त्याला मिळते आणि बिल कंपनी भरते. हे अपवादाने घडते असेही नाही, कारण वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठीच्या सभासद योजनेची रचनाच तशी आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले, स्पर्धा वाढली आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली अशी योजना आणली. वारंवार प्रवास करणारा, पण तिकिटाचे पैसे बहुधा स्वतः न भरणारा माणूस बांधून ठेवायचा असेल, तर त्याच्या कंपनीला सवलत देण्यापेक्षा त्यालाच बक्षीस देणे अधिक परिणामकारक ठरते.

करासंबंधीचा आपला मुद्दाही अर्धाच आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीला व्यवसायासाठी केलेल्या प्रवासावरच्या कराची वजावट मिळू शकते. म्हणून १८ टक्क्यांचा बोजा खऱ्या अर्थाने पडतो तो स्वतःच्या खिशातून तिकीट काढणाऱ्यावर. कामाच्या प्रवासात मला स्टेटसपायी भरलेल्या जास्तीच्या भाड्यापेक्षा एक वेळचे बिझनेस क्लासचे बिल परवडते. ते निदान उघड दिसते, त्याला कोणाची तरी मंजुरी लागते आणि ते का काढले असे विचारता येते. वर्षभर थोडे-थोडे जास्त भाडे भरून कमावलेल्या स्टेटसचा खर्च मात्र कुठल्याच बिलात वेगळा दिसत नाही.

टेम्सकाठ

मी लंडनमध्ये राहतो आणि कामासाठी फ्रँकफर्ट, झुरिच, माद्रिद अशा फेऱ्या करतो. युरोपातले चित्र आपल्याकडच्यापेक्षा वेगळे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

इथल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या लहान अंतराच्या बिझनेस क्लासमध्ये वेगळे आसन नसतेच. ब्रिटिश एअरवेजच्या ‘क्लब युरोप’मध्ये किंवा लुफ्तान्साच्या ए-३२० विमानांत तीच तीन-तीनची रांग असते, मधली जागा रिकामी ठेवतात आणि तिकिटे किती विकली गेली त्यानुसार पडदा पुढे-मागे सरकवतात. जेवण, लाउंज, जास्तीचे सामान आणि शेजारी कोणी नसणे, एवढ्यासाठी ते पैसे असतात. त्यामुळे धागाकर्त्यांचे म्हणणे आपल्याकडच्यापेक्षा इथे अधिक लागू पडायला हवे होते आणि २०२५ पर्यंत ते पडतही होते.

ब्रिटिश एअरवेजच्या जुन्या पद्धतीत सिल्व्हर श्रेणीसाठी वर्षाला ६०० टियर पॉइंट (श्रेणी ठरवणारे गुण) लागत आणि लंडनहून फ्रँकफर्टला क्लब युरोपने गेले की एका बाजूचे ४० मिळत. म्हणजे तसे पंधरा प्रवास झाले की वर्षभर लाउंज, आवडीची जागा आणि ‘वनवर्ल्ड’ या विमान कंपन्यांच्या गटातल्या इतर कंपन्यांकडेही सफायर श्रेणीचे फायदे मिळत. १ एप्रिल २०२५ पासून मात्र खर्च केलेल्या एका पौंडाला एक पॉइंट मिळतो, सरकारी कर त्यात धरले जात नाहीत आणि सिल्व्हरसाठी ७,५०० तर गोल्डसाठी २०,००० पॉइंट लागतात. एका जाण्या-येण्याचे मोजता येण्याजोगे भाडे तीनशे पौंड धरले, तर सिल्व्हरसाठी पंचवीस फेऱ्या होतात. नंतर त्यांनी वर्षात ५० उड्डाणे केल्यास सिल्व्हर देण्याचा मार्गही ठेवला, म्हणजे हिशेब पुन्हा तिथेच आला. महिन्याला एक फेरी करणाऱ्या माझ्यासारख्याने वर्षभर एकाच कंपनीमागे धावून शेवटी हाती काहीच न लागण्यापेक्षा, इतर वेळी मिळेल त्या स्वस्त विमानाने जावे आणि ज्या दिवशी खरी गरज असेल त्या दिवशी पुढचे तिकीट रोख पैसे देऊन घ्यावे, असे मी ठरवले आहे.

रद्द झालेल्या विमानाबद्दलही एक सांगणे आहे. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमाने पर्यायी प्रवासाचा हक्क प्रत्येक प्रवाशाला दिला आहे. कंपनीच्या चुकीने विमान ऐनवेळी रद्द झाले, तर १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरोची भरपाई मिळते. हा नियम श्रेणी पाहत नाही आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तेवढाच लागू आहे. स्टेटसने रांगेत पुढे सरकता येते, हे खरे. पण आपण पुढे सरकलो की दुसरा कोणीतरी मागे ढकलला जातो आणि तो कदाचित आजारी नातेवाइकाकडे निघालेला असतो.

पाथेय

निव्वळ लाउंजसाठी स्टेटसच्या मागे लागणाऱ्यांना एवढेच सांगते की, ते काम इतकी वर्षे क्रेडिट कार्ड करत आले. त्याने लाउंजबाहेर रांगा लागू लागल्या, तेव्हा अनेक बँकांनी तिमाहीत ठरावीक खर्च करण्याची अट घातली. सकाळच्या वेळी मुंबईच्या लाउंजमध्ये बसायला जागा शोधण्यापेक्षा बाहेर पैसे देऊन इडली खाणे मला अधिक सुखाचे वाटते.

अक्षदा

माझ्या वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि वर्षातून दोनदा त्यांना नागपूरहून दिल्लीला धाकट्या भावाकडे जायचे असते. त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची कोणत्याही तिकिटावर मिळते. पाय लांब करण्याची जागा मात्र पुढच्या कक्षातच मिळते. वर्षातून दोनदा जाणाऱ्या माणसाला स्टेटस कोण देणार? त्यांनी तरुणपणी एसटीने आणि रेल्वेने इतका प्रवास केला आहे की आता दोन तास नीट बसून जाण्यावर पैसे खर्च करणे हा मला डामडौल वाटत नाही.

दुसरी गोष्ट हक्काची आहे. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमानुसार, देशांतर्गत प्रवासात प्रवाशाला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवले, तर करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. पैसे देऊन घेतलेल्या जागेमागे असा नियम उभा राहतो. स्टेटसच्या जोरावर मिळेल म्हणून सांगितलेली वरच्या वर्गातली जागा मिळाली नाही, तर विचारायचे कोणाला? आणि १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले, तेव्हा प्लॅटिनम कार्ड बाळगणाऱ्यांनी ते कोणत्या काउंटरवर दाखवायचे होते?

वाटसरू (धागाकर्ता)

अक्षदाताई, आपला हक्काचा मुद्दा मला बिनतोड वाटला; माझ्या लिखाणात तो सुटला होता. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सभासदांच्या श्रेणी नव्या योजनेत नेल्या गेल्या. तरी ते नव्या मालकांनी ठरवले म्हणून झाले, सभासदांचा हक्क म्हणून नव्हे, हे मान्य आहे.

ताळेबंद यांच्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. धुक्याच्या दिवशी कर्मचारी दिल्लीत अडकला, तर हॉटेलचे आणि बुडालेल्या दिवसाचे पैसेही कंपनीच भरते. तो खर्चही त्यांनी आपल्या रकान्यात धरावा. स्वस्त विमान सोडून महाग घेण्याबद्दल ते म्हणतात ते खरे आहे आणि डिसेंबरमध्ये श्रेणी वाचवण्यासाठी एक अनावश्यक फेरी मीही केली आहे. ती करायला नको होती.

आईचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. पुढच्या महिन्यात तिला घेऊन दिल्लीला जायचे आहे आणि माझ्या स्टेटसवर तिला वरच्या वर्गात जागा मिळेल का, याची वाट पाहत मी तिकीट लांबवत होतो. आज सकाळी पुढच्या कक्षातल्या शेजारशेजारच्या दोन जागा पैसे भरून घेतल्या.