बॅक्लोफेन एकदम तोडू नका
ताई, बॅक्लोफेनची (आखडलेले स्नायू सैल करायचं औषध) १० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा चालू केल्यापासून बाबा दिवसभर झोपूनच असतात म्हणून उद्यापासून बंदच करतो म्हणताय, तसं अजिबात करू नका. आमच्या आण्णांच्या गोळ्या गणपतीत संपल्या, राजारामपुरीत दोन मेडिकल फिरलो, मिळाल्या नाहीत, म्हटलं दोन दिवसानं काय होतंय, तर दुसऱ्या रात्री भिंतीवर म्हशी चढल्यात म्हणून ओरडायला लागले, अंग थरथर आणि पाय तर नुसतं लाकूड. बॅक्लोफेन अचानक थांबवलं की भास होतात, फिटही येऊ शकते, हे आम्हाला तेव्हा कळलं. बंद करायचीच तर डॉक्टर १-२ आठवड्यांत हळूहळू उतरवतात.

सुरुवात सहसा ५ मिलिग्रॅम तीनदा, मग दर ३ दिवसांनी थोडी वाढ, दिवसाला ८० च्या वर सहसा नाहीच. किडनीचा त्रास असेल तर लई जपून, औषध बरंचसं लघवीवाटेच बाहेर पडतं, तेव्हा क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची तपासणी) बघितलंय का ते डॉक्टरांना विचारा. सोबत झोपेची गोळी किंवा दारू नकोच. आजच फोन करून डोस कमी करायचा का विचारा, आणि हाक मारून उठत नसतील, श्वास मंद वाटला तर फोनची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.