जुनी लाइन निवृत्त करायची, पण रांग वयावरून लावायची का?

पारेषण_नियोजक:
१३२ केव्हीच्या (किलोव्होल्ट) जुन्या वीज लाइन्सच्या निवृत्तीचा आराखडा माझ्याकडे आलाय. वरिष्ठ म्हणतात, जी सर्वांत जुनी ती आधी काढा. मला पटत नाही, पण का ते मांडता येत नाही. आणखी एक प्रश्न: भार दुसरीकडे वळवून लाइन नुसती बंद करून उभी ठेवली तर चालेल का?

गस्तवाला:
एकतीस वर्षं लाइनवर काढलीत, म्हणून सांगतो, वयावरून रांग लावू नका. एकाच दिवशी ओढलेली तारसुद्धा सगळीकडे सारखी म्हातारी होत नाही. खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात एसीएसआरच्या (आत पोलादी गाभा, भोवती अ‍ॅल्युमिनियमचे पेड अशी तार) गाभ्यावरचं जस्त आधी जातं. ते संपलं की अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्लं जातं, आणि बाहेरून तार धडधाकट दिसते. जस्त किती उरलंय ते तारेवरून चालणारं एडी करंटचं (धातूत निर्माण होणाऱ्या भोवरा-प्रवाहावरून मोजणारं) यंत्र दाखवतं, ते वापराच. मनोऱ्याचा पाय काँक्रीटमध्ये शिरतो तिथे उकरून पाहा.

आणि हुक, म्हणजे इन्सुलेटरची माळ मनोऱ्याला टांगणारा आकडा. एकदा आम्ही इन्सुलेटरची माळ बदलायला घेतली. खालून दुर्बिणीतून हुक ठीक दिसला होता. हातात घेतला तर अर्धा घासून गेलेला! मी तो बराच वेळ धरून उभा होतो. कॅलिफोर्नियात ८ नोव्हेंबर २०१८ ला ११५ केव्हीच्या कॅरिबू-पालेर्मो लाइनवर असाच सुमारे शंभर वर्षांचा हुक तुटला. त्या वणव्यात पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली. लाइन तिच्या सर्वांत कच्च्या हुकाइतकीच धड असते, हे वरिष्ठांना सांगा.

अर्थिंग_आधी:
बंद करून उभी ठेवायला माझा सक्त विरोध. शेजारून चालू लाइन जात असेल तर बंद तारेतही जीवघेणा विद्युत दाब (व्होल्टेज) चढतो. शिवाय बंद म्हटलं की गस्त थांबते. थोडे दिवस ठेवावीच लागली तर तिची तपासणी चालू लाइनसारखीच करा. उतरवतानाही सांभाळून: एका बाजूची तार सोडली की मनोऱ्यावर एकतर्फी ओढ येते. आधी उलट बाजूने ताण द्या, मगच तार सोडा.

भारप्रवाह:
आधी काढायची लाइन नाही असं धरून एन-१ तपासा, म्हणजे उरलेल्यांतली एक पडली तरी भार निभतो का. निभत नसेल तर पर्याय चालू होईपर्यंत हिला हात लावता येणार नाही. मनोरे आणि पाये चांगले असतील तर उच्च तापमान सोसणारी नवी तार ओढून वहनक्षमता बरीच वाढते. लाइनखालचा जमिनीचा पट्टा मात्र सोडू नका, नवा मिळवायला वर्षं जातात.

पारेषण_नियोजक:
आभार. सगळ्या मनोऱ्यांवर चढणं यंदा शक्य नाही. हुक कुठले आधी उतरवू?

गस्तवाला:
डोंगरधारेवरचे. तिथे वाऱ्याने माळ सतत झुलते, आणि हुक झुलण्यानेच झिजतो. नंतर जंपरला (मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा जोडणारा तारेचा तुकडा) आधार देणाऱ्या माळांचे. त्यांच्यावर वजन कमी असतं, म्हणून त्या जास्त हलतात.