'ऊन लागणे', 'उन्हाळी लागणे' आणि 'उष्माघात'

धुऱ्यावरून
आमच्या गावच्या उपकेंद्राच्या भिंतीवर फलक लागला आहे, 'उष्माघातापासून सावध राहा'. वावरात निंदायला येणाऱ्या काकूंनी तो अक्षर लावत वाचला आन् मला विचारलं, "हे उष्मा कोणाची पोरगी व्हय?" मी म्हटलं, काकू, ऊन लागणं म्हणजेच ते. "मंग तसं लिवा न बाप्पा!"
मी सांगितलं ते बरोबर का? घरी आम्ही 'लू लागली' म्हणतो, 'ऊन लागलं' म्हणतो, आणि 'उन्हाळी लागली' हे तिसरंच.

बदलीवर आलेला
उन्हाळी म्हणजे भुईमूग ना?

झाडीपट्टी
हो जी, आमच्याकडे तर उन्हाळी धानही असतो. पण तो आपण लावतो, ही आपल्याला लागते! लघवीला आग होणे, थेंब थेंब होणे, म्हणजे उन्हाळी. आजी लगेच धने-जिऱ्याचं पाणी नाहीतर सब्जा देत असे.

शब्दवेडा
'ऊन' हे संस्कृत 'उष्ण'पासून, प्राकृतातल्या 'उण्ह'वरून आलं. 'उन्हाळा' म्हणजे उष्णकाळ. गंमत खरी 'लागणे'त आहे. तहान लागते ती पाण्यानं जाते, ठेच लागते तिथं रक्त येतं, नजर लागली तर उतरवतात. ऊन या तिन्हींसारखं लागतं. म्हणून कोणी पन्हं पाजतो, कोणी दवाखान्यात नेतो, कोणी मीठ-मोहऱ्या ओवाळतो. 'उष्माघात' शब्द कागदी आहे खरा, पण त्यातला 'आघात' फक्त ठेचेचाच अर्थ ठेवतो.

गावची आशा
शब्दवेडा भाऊंचं पटलं. आमची पंचाईत इथंच होते. 'ऊन लागलं' असा निरोप आला की काय घेऊन धावायचं, तेच कळत नाही.
घाम खूप गेला, डोकं दुखते, गरगरते, पिंडऱ्यात गोळे येतात, मळमळते, पण माणूस नीट बोलतो. याला सावलीत निजवा, ओले कपडे लावा, ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून घोट घोट द्या. तासाभरात उतार पडला नाही, तर दवाखाना.
दुसरा बरळतो, झटके येतात, नाहीतर शुद्धच हरपते. ताप 104 फॅरनहाइटच्या वर. हा उष्माघात. 108ला फोन करायचा, आणि गाडी येईतो थांबायचं नाही: कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. तापाची गोळीही कामाची नाही, हा ताप तिला ऐकत नाही. आणि अंग कोरडं पडलं तरच उष्माघात, असं समजू नका. दुपारी राबणारा माणूस घामानं निथळत असतानाही कोसळतो.
उन्हाळीचंही तसंच. पाणी कमी पडून लघवी पिवळीजर्द झाली आणि जळजळते, तर पाण्यानं भागेल. पण थंडी वाजून ताप आला तर जंतुसंसर्ग, कमरेतून जांघेकडे कळ गेली तर मुतखडा असू शकतो. तिथं सब्जा नाही, लघवीची तपासणी. शुगरवाल्यांना वरचेवर 'उन्हाळी लागत' असेल तर त्यांनी घरी बसूच नये.

झाडीपट्टी
आणि खिशातला कांदा?

गावची आशा
भाजीत टाका. खिशात ठेवल्यानं ऊन अडत नाही. उकडलेल्या कैरीचा गर अंगाला फासतात, त्याचा ओलावा सुकताना थोडी थंडाई येते, पण तेवढीच साध्या पाण्यानंही येते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपट्टा बांधा आणि सकाळीच काम उरका, हे मात्र जुन्यांचं शंभर टक्के बरोबर.

बदलीवर आलेला
मग फलकावर लिहायचं काय? 'ऊन लागणे' लिहिलं तर लोक पन्हं देऊन मोकळे होतील.

शब्दवेडा
मलाही तेच वाटतं. काकूंना समजेल आणि तरी धडकी भरेल, असा शब्द हवा. 'लू' चालणार नाही, ती वाऱ्याला म्हणतात. उष्माघात तर घरात, पत्र्याखाली, वारा नसतानाही होतो.

धुऱ्यावरून
आज काकूंनाच विचारलं, ऊन लागून माणूस बरळायला लागला तर काय म्हणता? काकू विळा खाली ठेवून म्हणाल्या, "त्याले ऊन लागलं नाही म्हणत. ऊन डोक्यात चढलं म्हणते. तो वाचत नसते मंग." आशाताईंना सांगितलं, त्यांनी उद्या खडू घेऊन यायला सांगितलंय.