पेठ दिंडोरीत, हरसूल नाशकात: लोकसभेची ही रेघ बरोबर आहे का?

हरसूलकर: हरसूल आणि पेठ ही नाशिक जिल्ह्यातली शेजारची आदिवासी गावं. बाजार एक, बोली एक, सोयरिकी एकमेकांत. पण लोकसभेला पेठ दिंडोरीत, म्हणजे अनुसूचित जमातीच्या राखीव जागेत. आणि आम्ही इगतपुरी विधानसभेबरोबर नाशिकच्या खुल्या जागेत. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेचा हा प्रताप. नाशिकच्या सहा विधानसभांपैकी पूर्व, मध्य, पश्चिम निव्वळ शहर. मग पाड्यावर चढतंय कोण? मे २०२४ मध्ये प्रचाराची एक गाडी भोंगा वाजवत आली. बायका हंडे घेऊन धावल्या, त्यांना वाटलं टँकर आला. गाडी विहिरीपाशी वळली आणि गेली.

सिडकोवाला: इगतपुरी विधानसभा राखीव आहे ना? तुमची पोरं कामाला अंबड-सातपूरच्या कारखान्यांतच येतात, दवाखानाही नाशिकचाच. आणि खासदार दिल्लीसाठी असतो हो. याच नाशिकने १९६३ ला कऱ्हाडच्या यशवंतराव चव्हाणांना बिनविरोध पाठवलं होतं.

हरसूलकर: ते संरक्षणमंत्री होते. आम्हाला विहीर हवीय.

निफाडी नाना: दिंडोरीत येऊन तरी काय मिळणार? निफाड, येवला, चांदवड, नांदगाव; सहापैकी चार विधानसभा खुल्या, आणि तिथे बोलतो तो कांदा. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी लागली, आणि तेव्हा केंद्रात राज्यमंत्री असलेल्या दिंडोरीच्या खासदार भारती पवार पुढच्या निवडणुकीत पडल्या. आम्हीच पाडल्या, खोटं कशाला बोलू? पण त्या सगळ्या गदारोळात वनपट्ट्यांचं, म्हणजे आदिवासींच्या वनजमिनीच्या हक्काचं, नाव मी तरी ऐकलं नाही. जागा आदिवासींची, भाषणं कांद्याची.

सिन्नरची ताई: नानांचं पटलं. रेघेपेक्षा एकगठ्ठा मत बघा. आमच्या सिन्नरने ‘आपला माणूस’ म्हणून राजाभाऊ वाजेंना २०२४ ला भरभरून मतं दिली, ते नाशिकमधून सुमारे १ लाख ६२ हजार मतांनी निवडून आले. मालेगाव तर आपल्या जिल्ह्यातलं असून धुळ्याला जोडलंय. शोभा बच्छाव तिथे ४ हजारांपेक्षाही कमी मतांच्या फरकाने निवडून आल्या, त्या मालेगाव मध्य विधानसभेच्या जोरावर. तुम्ही फुटता, म्हणून कुणी विचारत नाही.

हरसूलकर: ताई, आमची अर्धी माणसं मे महिन्यात बाहेरगावी कामावर असतात. गठ्ठा बांधायचा कुणाचा?

सिडकोवाला: हा मुद्दा मान्य. पण नवी रेघ २०२६ नंतरच्या जनगणनेवरच निघणार. तेव्हा हरकत घ्या. पेठवाल्यांना विचारलंत का, ते तरी सुखात आहेत का?

हरसूलकर: मेव्हणा पेठचाच आहे. म्हणतो, तुमच्याकडे निदान भोंगा तरी आला.