रुग्ण एकटीने उचलता आला तरच परिचारिका होता येते का?

वारणाकाठ:
काल जी.एन.एम. या परिचारिका पदविकेच्या प्रवेशांच्या चर्चेत 'रात्रपाळी' यांनी लिहिले, "पस्तिशी ओलांडलेल्या अपंग उमेदवारांना नर्सिंगला घेणे म्हणजे त्यांचे मन राखण्यासाठी रुग्णाचा जीव पणाला लावणे आहे, त्यांनी बसून करायचे काम शोधावे." याला दोन ओळींत उत्तर देणे मला जमणार नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. प्रमाणपत्रावर ४५ टक्के अपंगत्व आहे आणि मी पायाला आधार देणारा कॅलिपर लावून चालते. सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांची कूस बदलणे, नळीवाटे अन्न देणे, पाठीला जखमा होऊ न देणे हे सारे मी त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत केले, आणि तेव्हाच हे काम रीतसर शिकायचे ठरवले. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात दिव्यांगांसाठी राखीव जागा आहेत, त्याही केवळ पायाचे ४० ते ५० टक्के अपंगत्व असणाऱ्यांसाठी. मी त्या चौकटीत बसते. तरीही एका महाविद्यालयात "पस्तीस उलटली" एवढेच सांगून मला परत पाठवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३२ मधली वयाची पाच वर्षांची सवलत दाखवली, तर ती उच्च शिक्षणाला आहे, पदविकेला नाही, असे उत्तर मिळाले. ए.एन.एम. म्हणजे सहायक परिचारिका झालेल्यांना मात्र जी.एन.एम.साठी वयाची अट नाही. म्हणजे चाळिशीतली स्त्री वॉर्डात शिकू शकते, हे परिषदेलाच मान्य आहे.

वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४ च्या अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करत. लहानपणी पोलिओ झालेले डॉ. सुरेश अडवाणी मुंबईत कर्करोगतज्ज्ञ झाले. यांच्या रुग्णांचा जीव पणाला लागला होता का?

रात्रपाळी:
ताई, आपण दिलेली दोन्ही उदाहरणे डॉक्टरांची आहेत, आणि डॉ. वर्गीस तर अपघातापूर्वीच डॉक्टर झालेल्या होत्या. डॉक्टर सूचना लिहून पुढच्या खाटेकडे जातात. त्या सूचनेप्रमाणे नव्वद किलोच्या माणसाला उठवून बसवण्याचे काम सिस्टरकडे येते. मी अस्थिरोग वॉर्डात रात्रपाळ्या केल्या आहेत. खुब्याचे हाड मोडलेले एक आजोबा पहाटे भ्रमात खाटेवरून उतरू लागले, तेव्हा मदतीला माणूस येईपर्यंत मी त्यांना छातीशी धरून उभी होते. कॅलिपर लावून आपण हे केले असते का, याचे उत्तर मला कायद्याच्या कलमात नको आहे. शिवाय प्रशिक्षणात शल्य, प्रसूती, मनोरुग्ण, सार्वजनिक आरोग्य अशा सगळ्या नेमणुका कराव्याच लागतात. सोयीचा वॉर्ड मागून घेता येत नाही.

पश्चिमघाट:
त्या पहाटे मदतीचा माणूस कुठे होता, हे कोणीच का विचारत नाही? माझे वडील एका सरकारी रुग्णालयात होते, तेव्हा संपूर्ण मजल्यावर एकही वॉर्डबॉय नव्हता. क्ष-किरणाला नेताना मी आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा मुलगा त्यांना चादरीसकट उचलत होतो. मावशींची आणि वॉर्डबॉयची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची, आणि मग उचलण्याची ताकद ही परिचारिकेची पात्रता ठरवायची, हा अन्याय धडधाकट सिस्टरांवरही आहे.

माजी सिस्टर:
याच उचलण्यामुळे मी वॉर्डाचे काम सोडले. कमरेची चकती सरकली, तेव्हा माझे दोन्ही पाय उत्तम होते. रुग्णाला सरकवण्याची गुळगुळीत फळी, उचलण्याचे यंत्र ही साधने महागडी म्हणून आमच्याकडे आणली गेली नाहीत. आमच्या कमरा फुकट होत्या. परिषदेच्या प्रमाणानुसार सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. ते प्रमाण मी माझ्या नोकरीत कधीच पाहिले नाही.

रात्रपाळी:
पदे रिकामी आहेत हे मलाच सांगता? नातेवाईक दोन दिवस उचलतात आणि लेख लिहितात. आम्ही आयुष्यभर उचलतो. रिकामी पदे भरेपर्यंत रुग्ण थांबणार आहे का? आजच्या वॉर्डात आज काय करायचे, यावर बोला.

पश्चिमघाट:
मी लेख लिहिलेला नाही, वडिलांना उचलले आहे. हे वाक्य आपण मागे घ्यावे.

कडबाकुट्टी:
मोठ्या बोलण्यात माझेही एक म्हणणे नोंदवतो. वारणाकाठ ताई आपल्या टक्क्यांवर चौकटीत बसल्याचे सांगतात. मी तर त्या चौकटीबाहेरच आहे. कडबा कापताना माझ्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. करोनाच्या काळात गावातल्या विलगीकरण केंद्रात मी डाव्या हाताने रुग्णांची सेवा केली आणि कोणी तक्रार केली नाही, पण जी.एन.एम.साठी हाताचे अपंगत्व चालतच नाही. ओंकार गोंड प्रकरणात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ टक्का पाहून एम.बी.बी.एस. नाकारता येणार नाही. तो अभ्यासक्रम उमेदवाराला झेपेल का, हे अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहिले पाहिजे. 'दोन्ही हात शाबूत' या अटीवरही त्याच न्यायालयाने २०२५ मध्ये कडक शब्दांत टीका केली. डॉक्टरसाठी जे अन्यायाचे, ते परिचारिकेसाठी योग्य कसे? आणि ताई, आपल्या टक्क्यांचा आधार घेऊन आपण जे दार उघडू पाहता, ते आमच्यासाठी बंदच राहते.

वारणाकाठ:
तुमचे दार बंद राहावे असे मी कुठेही लिहिलेले नाही, आणि तसे सुचवलेले मला लागले. मात्र ती चौकटच चुकीची आहे, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे.

रात्रपाळी यांना एवढेच सांगते: नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग, डायलिसिस, लसीकरण, बाह्यरुग्ण विभाग इथल्या सिस्टरांना दर तासाला नव्वद किलो उचलावे लागत नाही, आणि त्यांना कोणी कमी प्रतीच्या परिचारिका म्हणत नाही. प्रशिक्षणातली प्रत्येक नेमणूक मी पूर्ण करीन. माणूस उचलताना जोडीला दुसरी विद्यार्थिनी असावी एवढीच माझी मागणी आहे, आणि 'माजी सिस्टर' यांचे वाचल्यावर वाटते की ती सगळ्यांचीच असायला हवी.

रात्रपाळी:
पश्चिमघाट, ते वाक्य मागे घेते. मूळ मत मात्र घेत नाही. प्रवेशाआधी वॉर्डात प्रत्यक्ष काम करवून पाहणार असतील, आणि त्यात उमेदवार उतरला, तर टक्का आणि वय यांवर मी अडून बसणार नाही. पण ती परीक्षा खरी हवी. दयेने गुण देणारी नको.

वारणाकाठ:
दयेचे गुण मलाही नकोत. फक्त ती परीक्षा प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीची घ्या, केवळ कॅलिपर लावून आलेलीची नको.

रात्रपाळी:
प्रत्येकीची? मग निम्म्या जागा रिकाम्या राहतील, आणि त्या रात्री वॉर्डात मी पुन्हा एकटीच असेन.